जुने पॉइंट
"फेकू नका हो, गाडीतच ठेवा," म्हणत मेकॅनिककाकांनी इंजिनाच्या ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे जुने पॉइंट आणि त्यांचा कंडेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिले.

आज बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी वाटणारा भाग, उघडला. शाफ्टला नवं बुश, ॲडव्हान्सच्या (ठिणगीची वेळ पुढे सरकवणाऱ्या) वजनांना नव्या स्प्रिंगा, पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर. इंजिन ३,००० आरपीएमला असताना ते पॉइंट मिनिटाला ६,००० वेळा उघडायचे. झिजणारच.

पहिल्या सेल्फला गाडी सुरू. इतकं शांत आयडलिंग मी कधी ऐकलं नव्हतं.

काका मात्र म्हणाले, "पॉइंट घाटात दगा द्यायचे, पण पॉलिशपेपरने घासून तुमचे बाबा घरी यायचे. सेन्सर गेला, की गेलाच."

डॅशबोर्डच्या खणात तो पॉलिशपेपरचा तुकडा अजून आहे, मधोमध काळा पडलेला. पुडी त्याच्याशेजारी ठेवली.

तुमच्या जुन्या गाडीत असं काय जपलंय?