तुम्ही विचारलेत म्हणून : आधी इअरफोन, मग नकाशा

माझी रविवारची सकाळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळण्यात जाते आणि सोबतच्या चार खेळाडूंपैकी एकही माझ्या पुण्यातल्या घरात नसतो, हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : ऑनलाइन खेळायचे तर कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मात्र माझे उत्तर सॉफ्टवेअरपासून सुरू होत नाही. आधी प्रत्येकाने माइक असलेला, वायरचा साधा इअरफोन घ्यावा. बाकीचे त्यानंतर.

हा हट्ट का, ते समजण्यासाठी खेळाच्या स्वरूपाकडे पाहावे लागेल. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेल्या या खेळात एक जण सूत्रधार असतो (खेळणारे त्याला ‘डंजन मास्टर’, थोडक्यात ‘डीएम’ म्हणतात) आणि बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे वीस बाजूंचा फासा निकाल देतो. पट आणि सोंगट्या असल्या तर उत्तम, नसल्या तरी अडत नाही. बोलणे थांबले की मात्र खेळच थांबतो. आणि इंटरनेटवर सर्वांत आधी बिघडते ते बोलणेच.

समोरासमोर गप्पा मारताना एकाचे वाक्य संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत साधारण २०० मिलिसेकंदांचे, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचे अंतर असते. दहा भाषांच्या एका तुलनात्मक अभ्यासात थोड्याफार फरकाने हेच आढळले होते. आता आमच्या गटातला एक जण न्यू जर्सीत राहतो. ते अंतर १२ हजार किलोमीटरहून अधिक आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, त्यामुळे तार अगदी सरळ टाकलेली असती तरी त्याचा आवाज इथे यायला ६० मिलिसेकंद लागलेच असते. त्यात केबलची वळणे, वाय-फाय आणि संगणकाने आवाजावर केलेले संस्कार यांचा वेळ मिळवला की शांतता झाली असे समजून कोणी तोंड उघडावे तोवर दुसऱ्याने सुरुवात केलेली असते. मग दोघेही ‘बोल, बोल’ म्हणत थांबतात आणि पुन्हा एकदमच सुरू करतात. ब्लूटूथचा इअरफोन या उशिरात भर घालतो, शिवाय त्याचा माइक चालू झाला की बहुतेक वेळा ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जाही उतरतो. लॅपटॉपचा स्पीकर एकाने जरी चालू ठेवला, तरी बाकीच्यांना आपलेच शब्द परत ऐकू येऊ लागतात. म्हणून वायर.

उरलेला उशीर पैसे मोजूनही पुरता जात नाही, तेव्हा सूत्रधारानेच आपली सवय बदलावी. ‘आता तुम्ही काय करता?’ हा प्रश्न एका टेबलाभोवती उत्तम चालतो. ऑनलाइन त्याला आधी शांतता मिळते आणि मग एकदम तीन उत्तरे. मी पात्राचे नाव घेऊनच विचारते आणि त्यानंतर कोणाची पाळी आहे तेही सांगून ठेवते : ‘आता शिलेदार, मग वैद्य.’ वैद्याला विचार करायला वेळ मिळतो आणि शिलेदाराला कोणी तोडत नाही.

कॅमेरा सतत चालू हवा, हे मत मला मान्य नाही. सराईच्या मालकाशी घासाघीस चालली असेल तर चेहरे दिसावेत, कारण निम्मा विनोद भुवयांत असतो. लढाई सुरू झाली की सगळ्यांचे डोळे नकाशावर जातात आणि चेहरे केवळ जागा अडवतात. चांगल्या आवाजाला सेकंदाला ६४ किलोबिट पुरतात, चेहऱ्याला त्याच्या दसपट तरी लागतात, त्यामुळे ज्याचे नेट रडते त्याने निःसंकोच कॅमेरा बंद करावा.

आता सॉफ्टवेअर. नवशिक्या गटाने ‘औलबेअर रोडिओ’पासून सुरुवात करावी, नकाशाचे चित्र टाकायचे, सोंगट्या ठेवायच्या, झाले. ‘रोल२०’ २०१२ पासून आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि त्यात पात्रांची पत्रके व फासे तयार मिळतात. २०२० मध्ये आलेले ‘फाउंड्री’ सर्वांत ताकदवान. ते सूत्रधाराने एकदाच विकत घ्यायचे, खेळाडूंना खर्च नाही. पण ते तुमच्याच संगणकावरून चालते आणि आपल्याकडच्या अनेक घरगुती जोडण्यांत कंपनी इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांना वाटून देते, त्यामुळे बाहेरून तुमच्या संगणकापर्यंत थेट कोणी पोहोचू शकत नाही आणि शेवटी दुसऱ्या कोणाच्या सर्व्हरवर दरमहा भाड्याने जागा घ्यावी लागते. मी हे दोन रविवार वाया घालवून शिकले. यांपैकी काहीही घ्या, बोलणे मात्र डिस्कॉर्डसारख्या गप्पांच्या वेगळ्या अ‍ॅपवर ठेवा. पट बंद पडला तरी निदान ‘पट बंद पडला’ असे एकमेकांना सांगता येते.

नकाशाचा मोह मला फार होता. एका पडक्या वाड्याचा नकाशा मी तीन संध्याकाळी खपून काढला, मशालींचा उजेड, भिंतींमागची सावली, सगळे बसवले. खेळाडूंनी प्रश्न विचारणेच सोडून दिले. माझे वर्णन चालू असताना ते मुकाट्याने सोंगट्या सरकवत राहिले. शिवाय न उघडलेला भाग काळा दिसत असल्याने दोन दालनांच्या मधोमध एक काळा चौकोन उरला होता, आणि तिथे गुप्त खोली आहे हे शेंबडे पोरही ओळखेल. त्यांनी तर पाच मिनिटांत ओळखले. तेव्हापासून जिथे अंतर मोजावे लागते तिथेच मी नकाशा काढते : एक चौकट म्हणजे ५ फूट, अंधारात ६० फूट दिसणाऱ्या पात्राला १२ चौकटी. एरवी पडद्यावर एखादे चित्र असते किंवा काहीच नसते.

फाशांबद्दल थोडेसेच. सगळे पडद्यावरच टाकतात, म्हणजे निकाल सर्वांना एकाच वेळी दिसतो. ‘यंत्र माझ्यावरच खुन्नस काढते’ ही तक्रार नेहमीची आहे; पण खरा फासा ३० वेळा टाकूनही एकदाही २० न पडण्याची शक्यता २१ टक्के असते, म्हणजे अशी सकाळ पाचांतून एकदा यायचीच.

राहता राहिले घड्याळ. न्यू जर्सीत मार्चमध्ये ते तासभर पुढे जाते, नोव्हेंबरात मागे येते. आपले जागचे हलत नाही. उन्हाळ्यात आमचे सकाळचे साडेसात म्हणजे त्याचे शनिवारी रात्रीचे दहा, हिवाळ्यात नऊ. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात तो सवयीने दहालाच आला, म्हणजे इथे साडेआठ वाजले होते आणि बाकीच्यांनी त्याच्या शिलेदाराला एका बारवेच्या काठावर पहाऱ्याला उभे करून ठेवले होते. आल्या आल्या त्याने विचारले, ‘मग तासभर मला तिथून काय दिसले?’ नकाशा नव्हताच, तेव्हा मला ते तोंडी सांगावे लागले, आणि जे सुचले ते सांगितले, त्यावर आमचे पुढचे चार रविवार गेले.