साडेनऊपर्यंतचा वसंत

मुंबईला वसंत नाही असं म्हणणारे बहुधा सकाळी दहाच्या पुढे घराबाहेर पडत असावेत. होळी ते गुढीपाडवा या पंधरा दिवसांत इथेही पांगारा अंगावर पान न ठेवता लाल होतो, सावरीची जाड फुलं रस्त्यावर पडतात, आणि तांबट कुठल्यातरी उंच फांदीवरून टुक् टुक् करत राहतो. फक्त हे बघायचं ते साडेसहा ते साडेनऊच्या आत. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे सुटले की समुद्रावरचा वारा आत यायला उशीर करतो, आणि तो येईपर्यंत पारा चढत जातो. म्हणजे हातात तीन तास. दहा-बारा जणींची सायकल राईड एवढ्यात बसवायची तर वाटेतलं प्रत्येक पंक्चर, प्रत्येक ‘थांबा गं, माझी सीट टोचतेय’ हे वसंतातूनच वजा होतं.

जागा ठरवायला फार डोकं लागत नाही. मालाडच्या मार्व्याला फेरीबोट पकडायची, खाडी ओलांडून मनोरीला उतरायचं, गोराईवरून उत्तनला जाऊन परत फिरायचं. सगळं मिळून वीस-पंचवीस किलोमीटर. मनोरी-गोराई मुंबई महापालिकेत, उत्तन मिरा-भाईंदरमध्ये. पण मार्वे आणि मनोरीच्या मध्ये खाडी, आणि रस्त्याने यायचं तर भाईंदरवरून भलामोठा वळसा. त्या वळशामुळेच अरुंद रस्ते, ताडाची झाडं, मळे आणि नाक्यानाक्यावरचे क्रूस अजून टिकून आहेत. खाडीवर पूल हवा की नको हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं. रविवारी तीन तासांसाठी येणाऱ्यांनी त्यावर मत देऊ नये.

तारीख मात्र पंचांग बघूनच काढायची. सायकल बोटीत चढवायची ती धक्क्याच्या उतारावरून, आणि ओहोटीला त्या उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडतो: हिरवं शेवाळ, वर चिखलाचा पातळ थर. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला ती बाराच्या आसपास, म्हणजे सकाळी सहाला नेमकी ओहोटी, आणि उधाणाची असल्यामुळे पाणी पार खाली गेलेलं. म्हणून होळीला लागून आलेला रविवार सोडून फाल्गुन वद्य अष्टमीच्या जवळचा धरावा. तेव्हा भांग, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढउताराची भरती असते, पाण्याला ओढ कमी, आणि सकाळी उतार बराचसा पाण्याखाली. होळीच्या आधीचा रविवार तर नकोच. पाण्याचे फुगे मारणाऱ्यांना सायकलवरची बाई म्हणजे आयतं गिऱ्हाईक. तिथी जमलीच नाही तर रबरी तळव्याचे बूट घालावेत आणि दोन्ही ब्रेक दाबून एकेकीने आपापली सायकल खाली न्यावी. एक सायकल दोघींनी उचलायला गेलं की दोघी घसरतात.

आता सीट. यावर जरा वेळ घालवते, कारण अर्ध्या तक्रारी इथेच जन्मतात. मोठेपणी सायकल शिकलेल्या बायका सीट हमखास खाली ठेवतात, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. भीती समजते, पण मग गुडघा कधी सरळच होत नाही आणि दहा किलोमीटरनंतर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. माप असं घ्यायचं: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची, पायडल सगळ्यात खाली न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात आपोआप हवी तेवढी वाक राहते. एकदम उंच करायचं धाडस होत नसेल तर आठवड्याला बोटभर वाढवा. आणि थांबताना सीटवर बसून जमीन शोधायची नाही, पुढे सरकून सीटवरून उतरायचं आणि मग पाय टेकायचा. ही एक सवय लागली की उंच सीटची भीती निम्मी जाते. सीटच्या दांड्यावर एक खूण असते, ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये; दिसली तर दांडा वाकतो नाहीतर फ्रेमला चीर जाते.

सीटचं नाक वर असेल तर मांड्यांच्या मधला भाग बधिर होतो. लाजून कोणी बोलत नाही, नुसतंच ‘सायकल मला सोसत नाही’ म्हणतात. सीट सपाट करावी, फार तर नाक किंचित खाली. जास्त खाली केलं की अंग पुढे घसरतं आणि सगळा भार मनगटांवर येतो. बायकांची बैठकीची हाडं साधारणपणे जास्त अंतरावर असतात, म्हणून मागे रुंद असलेली सीट बरी. पण बाजारात मिळणारं जाडजूड जेलचं कव्हर हा उपाय नव्हे. त्यात हाडं रुततात, मऊ भाग उलट जास्त दाबला जातो आणि मांड्या घासतात. पॅडवाली शॉर्ट घेतली तर ती आतल्या चड्डीशिवाय घालायची असते. हे दुकानदार सांगत नाही आणि आपण विचारत नाही. मग पॅडच्या आत चड्डीची शिवण घासून चामडी सोलवटते.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. चेन उजव्या बाजूला, म्हणून सलवारीचा उजवा पाय रबराने बांधायचा. ओढणी कमरेला घट्ट, किंवा घरी. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते कपाळावरून मागे कलतं आणि पडल्यावर नेमकं कपाळच उघडं राहतं. मानेवर सैल वेणी घाला, हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं ठेवा, पट्ट्या कानाखाली जुळतील अशा ओढा.

हवा आदल्या रात्री भरून सकाळी अंगठ्याने दाबून बघायची. रात्रीत उतरली असेल तर बारीक पंक्चर आहे, आणि ते रस्त्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. हायब्रिडच्या, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधल्या प्रकाराच्या, पस्तीस मिलिमीटर टायरला ५० ते ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), एमटीबीच्या, म्हणजे डोंगरी सायकलीच्या, जाड टायरला ३५ ते ५०. वजनदार व्यक्तीने वरचा आकडा धरावा. पेट्रोल पंपावर हवा मिळते खरी, पण बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर अडॅप्टरशिवाय तिथला पाईप लागत नाही. पितळेचा तो चिमुकला अडॅप्टर किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून टाकावा.

पंक्चर या रस्त्यांवर मुख्यतः दोन तऱ्हांनी होतं. एक बाभळीच्या काट्याने. दुसरं, हवा कमी असताना खड्ड्याची कड लागली की ट्यूब टायर आणि रिमच्या मध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दोन भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. एकच असेल तर मात्र काटा टायरमध्येच आहे असं समजून आतून बोट फिरवायचं, हळूच, नाहीतर बोटाला पंक्चर. हे न करता नवी ट्यूब घातली की शंभर पावलांवर तीही बसते. रस्त्यात पॅच लावू नये. सोल्युशन लावल्यावर ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबावं लागतं आणि घाईत कोणी थांबत नाही. ओल्यावर बसवलेला पॅच गोराई यायच्या आत सुटतो. सरळ ट्यूब बदला, पॅच घरी. मागचं चाक काढण्याआधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणायची, म्हणजे चाक न अडता निघतं. चाक नटांचं असेल तर पंधरा नंबरचा पाना सोबत हवा. दहा जणींत दोन पंप आणि दोन जाडीच्या ट्यूब पुरतात. प्रत्येकीने सगळं आणलं तर नुसतं वजन होतं, आणि कोणीच आणलं नाही हे मात्र नेहमी सगळं संपल्यावर कळतं.

ओळ लावताना सगळ्यात हळू चालवणारीला पुढारणीच्या लगेच मागे ठेवावं. शेवटी ठेवली तर ती प्रत्येक थांब्यावर धापा टाकत पोचते तेव्हा बाकीच्या विश्रांती घेऊन निघायच्या तयारीत असतात. म्हणजे विश्रांतीची जिला खरी गरज तिलाच ती मिळत नाही. शेवटी असते ती पंक्चर काढता येणारी, आणि तिच्या मागे कोणी राहायचं नाही. वेग ताशी बारा ते चौदा किलोमीटर, दोन सायकलींमध्ये एका सायकलीएवढी तरी जागा. मागून गाडी आली की शेवटची ओरडते आणि हाक पुढे जाते. मागे वळून बघायचा मोह आवरा. मान उजवीकडे वळली की हँडलही उजवीकडे जातं, गाडीच्या वाटेत. गोराई सोडल्यावर थोडे चढउतार आहेत. गिअर चढाच्या आधी बदलायचा. पायडलवर उभं राहून जोर लावत बदलला की चेन पडते आणि ओळीतल्या मागच्या सगळ्या जणी एकमेकींवर येतात.

या दिवसांत बहुतेक वर्षी ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ चालू असतो. रविवारी सकाळी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, निघालेली माणसं रस्त्याच्या मधूनच चालतात, आणि त्यांनी तसंच चालावं. घंटी एकदाच, हलकी. कोळीवाड्यात वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चाक नेऊ नये. जाळं फाटतं आणि नायलॉनचा धागा चाकाच्या मधल्या हबमध्ये गुंडाळला गेला की ब्लेडने कापत बसावं लागतं.

पाण्याचा मुद्दा बायकांच्या बाबतीत वेगळा आहे. वाटेत जायला जागा नाही म्हणून बायका मुळात पाणीच पीत नाहीत, मग नऊ वाजता डोकं धरतं आणि पायात गोळे येतात. तासाला अर्धा लिटर, त्यात चिमूटभर मीठ, साखर, लिंबू. उपाय पाणी कमी करण्यात नाही, नाश्त्याची जागा निवडण्यात आहे. ऑर्डर देण्याआधी शौचालय विचारायचं, ते बघायचं, आणि मगच बसायचं. मिसळ कितीही प्रसिद्ध असली तरी.

उत्तनला पोचल्याचं नाकाला आधी कळतं. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत असतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. दोरी नाही, गाठ नाही, माशाचे दातच एकमेकांना धरून ठेवतात. ताजे असताना पाणीदार, जवळजवळ पारदर्शक. वाळत आले की पिवळसर होत आकसतात. इथे राईडची शिस्त मोडते ती कायमची. अर्धा किलो बोंबील, जवळा, कुणाला सोडे. आणि मग प्रत्येकीची पिशवी हँडलला.

ही पिशवी हाच परतीच्या वाटेवरचा खरा धोका. वळणावर ती झोका घेते, स्पोकमध्ये जाते, पुढचं चाक जागच्या जागी अडतं आणि बाई हँडलवरून पुढे. सुकट घ्यायचीच असेल तर जिच्या सायकलला कॅरिअर आहे तिच्या मागे सगळ्यांची एकत्र, दोन पिशव्यांत, रबरी पट्ट्याने आडवी-उभी बांधून. त्या सायकलला परतीच्या बोटीत वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं करावं. घरी पोचल्यावर आधी सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला प्रत्येक कडीवर थेंबभर तेल, जास्तीचं फडक्याने टिपून. खाऱ्या हवेत ठेवलेली चेन दोन दिवसांत तांबूस दिसायला लागते. बोंबलांना ऊन दाखवायचं काम त्याच्यानंतर.