चाळीस मुलांचा वर्ग

सिंगापूरमध्ये पहिली-दुसरीचे वर्ग तीस मुलांचे असतात. तिसरीपासून तुकड्या नव्याने पाडतात आणि पट चाळिशीपर्यंत जातो. आमची लेक इथे तिसरीत गेली तेव्हा मी हबकलेच. आपल्या शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय, आणि हा श्रीमंत देश चाळीस मुलं एका बाईंपुढे बसवतो!

तरी टिम्स २०२३ या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथीच्या गणितात सिंगापूर ६१५ गुणांनी जगात पहिलं.

पालकसभेत बाईंनी लेकीची वही उघडली. रवीकडे मीनापेक्षा १२ गोट्या जास्त, दोघांच्या मिळून ४८, तर मीनाकडे किती? लेकीने दोन सारख्या पट्ट्या काढून २४ लिहिलं होतं. बाई म्हणाल्या, "भागाकार बरोबर आहे, चित्र चुकलंय." त्यांनी रवीची पट्टी लांब केली, जादाचे १२ वेगळे काढले, उरलेल्या ३६ चे दोन भाग केले. अठरा. चाळीस वह्यांमधून माझ्या मुलीचं नेमकं कुठे अडलं, हे त्या बाईंना ठाऊक होतं.

ही पट्ट्यांची पद्धत इथे १९८० च्या दशकात तयार झाली आणि ती शाळाशाळांत शिकवली जाते. पहिलीच्या सुरुवातीलाच कच्ची मुलं हेरून त्यांना गणितासाठी छोट्या गटात वेगळं शिकवतात. शिक्षकांना वर्षाला १०० तासांपर्यंत प्रशिक्षण घेता येतं.

म्हणून "बघा, चाळीसही चालतात" असं आपल्याकडे कुणी म्हणू नये. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून पाहिली: काही १३ ते १७ मुलांच्या वर्गात, काही २२ ते २५ च्या. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे गेली, आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना त्याचा फायदा जास्त झाला. ज्यांच्या घरी शिकवायला कुणी नाही, त्यांना लहान वर्ग हवाच.

शिवाय सिंगापूरमध्ये शिकवण्या भरपूर. आमचीही शनिवारी जाते. त्यात मला काही गैर वाटत नाही. पुण्यात राहिलो असतो तरी गेलीच असती.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पट कमी, पण चार इयत्ता एकाच खोलीत. एका भिंतीकडे दुसरीचे पाढे, दुसरीकडे चौथीचे अपूर्णांक. वर निवडणूक आणि जनगणनेची कामं, जी शिक्षण हक्क कायद्यानेही शिक्षकांच्या माथी ठेवली आहेत. तिच्या हाताखालची मुलं तरीही स्कॉलरशिपला बसायची आणि पासही व्हायची. इथल्या बाईंना मिळतात तसे तास आणि तशी उसंत तिला मिळायला हवी होती. आज तिच्या जागी जी बाई उभी आहे, तिला तरी ती द्या.