टिळक आळी ते मांडवी: रत्नागिरीत एक दिवस पायी

गणपतीपुळ्याला जाता-येता रत्नागिरी आम्ही आजवर गाडीच्या काचेतूनच पाहिली होती. झाडगावात आत्या राहते. तिच्याकडे जेवायचं, आंब्याची पेटी डिकीत टाकायची की निघालो. या मे महिन्यात मात्र ठरवून एक अख्खा दिवस शहरासाठी ठेवला आणि गाडी आत्याच्या अंगणातच राहू दिली.

सकाळी सातलाच टिळक आळीत पोचले. उन्हं अजून कौलांवर होती, खाली रस्त्यावर सावली. जांभ्याचे गडगे, त्यावर वाळलेलं शेवाळ, एका ओटीवर पेपर वाचत बसलेले आजोबा. मुंबईहून आलेल्या माणसाला ही शांतता आधी कानात बसते. लोकमान्यांचं जन्मघर याच आळीत आहे. २३ जुलै १८५६ ला ते इथे जन्मले आणि दहा वर्षांचे असताना, १८६६ मध्ये, कुटुंब पुण्याला गेलं. म्हणजे टिळकांचं सगळं बालपण या आळीतलं. घर मोठं नाही. उतरतं कौलारू छप्पर, लाकडी खांब, पायांना लागणारा गारवा. भिंतींवर त्यांच्या आयुष्यातले फोटो आहेत, पण मी जास्त वेळ थांबले ती खिडकीशी. हीच सावली, हेच चिरे एका लहान मुलाने पाहिले असतील, हे मनातून जाईना.

तिथून बाजाराच्या दिशेने चालत राम आळी गाठली. सराफ, कापडवाले, भांडीवाले, मध्येच फुलांची टोपली घेऊन बसलेली बाई. लग्नसराईमुळे नऊ वाजताच गर्दी. काही दुकानांना अजून फळ्यांची दारं आहेत. एकेक फळी खाचेतून काढून भिंतीला लावायची, मग दुकान उघडलं! नव्या शटरांच्या खडखडाटात हा आवाज वेगळा ओळखू येतो.

अशाच एका कोकणमेव्याच्या दुकानात मी तासभर रमले. गल्ल्यावर सत्तरीच्या काकू. मी आमसुलं मागितली तर त्यांनी दोन बरण्या पुढे केल्या.
"कुठची हवी गो? ही स्वस्त, ही घरची."
फरक विचारला तर स्वस्तातलं एक आमसूल माझ्या तळहातावर ठेवलं. कडक, वर मिठाची पांढरी खर. "मीठ जास्त घातलं की वजन भरतं," काकू म्हणाल्या. दुसरं हातात घेतलं तर मऊ, काळपट जांभळं, बोटांना चिकटणारं. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, फोडायचा, बिया आणि गर वेगळा काढायचा, साली उन्हात टाकायच्या. मग गराच्या रसात मीठ घालून त्या साली बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या. प्रत्येक बुडवणं म्हणजे एक पूट. पाऊस पडायच्या आत हे सगळं उरकावं लागतं, कारण एक दिवस ढग आले तरी बुरशी धरते. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. काकूंना मात्र त्यापेक्षा आभाळाची काळजी जास्त. दर पाच मिनिटांनी त्या उठून मागच्या अंगणात डोकावत. मीही एकदा गेले. ताटांत साली पसरलेल्या, हवेत आंबट वास, कडेला आंबापोळीची ताटं. पातळ थर वाळला की त्यावर दुसरा.

बाजूच्या गल्लीत एक जुनं दुमजली घर पाडत होते. चिरे ट्रकमध्ये चढत होते, नक्षीचा खांब रस्त्यावर आडवा पडला होता. फार वाईट वाटलं. त्या खांबाला कोणी विकत घेऊन कुठेतरी उभं करो, एवढंच मागणं मनात आलं.

रत्नागिरी नगर वाचनालय १८२८ चं, महाराष्ट्रातल्या सर्वात जुन्या वाचनालयांपैकी एक. पतितपावन मंदिर १९३१ चं. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भागोजीशेठ कीर यांनी ते स्वखर्चाने बांधलं, सर्व जातींच्या हिंदूंना खुलं. आज तिथे शाळेतली मुलं चपला काढून पटकन हात जोडून पळतात, कुणाला काही विचारावं लागत नाही. हे पाहून मला भरून आलं.

दुपारी रिक्षाने थिबा पॅलेस. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला. राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा वारला. म्हणजे वाट पाहण्यात चोवीस वर्षं, राहायला सहा. टेकडीवरून खाली भाट्याची खाडी समुद्राला मिळताना दिसते. थिबाची राणी १९१९ मध्ये ब्रह्मदेशला परतली, पण नात टुटू रत्नागिरीतच संसार करून, मराठी बोलत म्हातारी झाली. हे मला राजवाड्यातल्या दालनांपेक्षा जास्त खरं वाटलं.

संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर भेळ खात बसले. डावीकडे भाट्याचा किनारा, उजवीकडे लांब रत्नदुर्गाची टेकडी, आणि मिरकरवाड्याच्या बाजूने परतणाऱ्या होड्यांचे दिवे. गाडी, आगगाडी यायच्या आधी मुंबईला जायला इथून बोटीच धरायच्या, असं आत्या नेहमी सांगते. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसल्यावर ते पटतं.

रात्री घरी गेल्यावर आत्याने आधी पिशवी उघडली. एक आमसूल दोन बोटांत धरून वाकवलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं.
"पाच पुटं तरी आहेत हो. दुकान नक्की कुठलं ते नीट सांग मला."