पहिल्या कम्युनियनआधी बाप्तिस्म्याचा दाखला : आमचा अनुभव

मुलाला सात वर्षं पूर्ण झाली आणि आम्ही दोघांनी इथे सोलापुरात, आमच्या कॅथलिक चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, त्याचं नाव दिलं. रविवारी मिस्सेनंतरचा धर्मशिक्षणाचा वर्ग, प्रार्थना पाठ करणं, पहिला पापकबुलीचा संस्कार, कुठेच अडचण आली नाही. गाडी अडली ती बाप्तिस्म्याच्या दाखल्यापाशी.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बाप्तिस्माही माहेरच्या चर्चमध्ये. आपल्याकडे अशी घरं कितीतरी. दाखला मागायचा तो बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये, कारण मूळ रजिस्टर तिथे असतं. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा संस्कार) आणि लग्न झालं की त्याची नोंदही त्याच रजिस्टरच्या समासात होते.

तिथून दाखला आला, पण जन्मतारखेच्या जागी बाप्तिस्म्याची तारीख! महापालिकेच्या जन्मदाखल्याशी तो जुळेना. फोन केला की एकच उत्तर: "रजिस्टर दुरुस्त करावं लागेल, बिशप हाऊसची परवानगी आणा." पुढच्या वेळी फादर बाहेर, त्यापुढच्या वेळी कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. रजिस्टर उघडून बघायला मात्र कोणी तयार नाही. लेकराची वर्गातली तयारी पूर्ण आणि आईबाप एका तारखेसाठी ताटकळत, याचा राग अजून गेलेला नाही.

अशा वेळी आधी एकच विचारा: चूक रजिस्टरमध्ये आहे की नकलेत? रजिस्टरमध्ये जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख वेगवेगळी लिहिलेली असते. उतरवणाऱ्याची नजर एक रकाना इकडेतिकडे झाली की दाखला चुकतो. मूळ नोंद बरोबर असेल तर परवानगीबिरवानगी काही नको, नवी नक्कल लिहून फादरांची सही आणि चर्चचा शिक्का घेतला की झालं. आमचं तेच निघालं. समक्ष जाऊन, जन्मदाखला टेबलावर ठेवून, रजिस्टर समोर उघडायला लावलं तेव्हा! मूळ नोंदच चुकलेली असेल तर मात्र अर्ज आणि जन्मदाखला देऊन रीतसर दुरुस्ती करून घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो.

जाताना बाप्तिस्म्याची तारीख घेऊन जा. नोंदी त्या क्रमाने असतात, नुसत्या जन्मतारखेवर पानं उलटत बसावं लागतं. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशीचा फोटो किंवा गॉडमदरची (बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातेची) आठवण कामी येते. नोंद सापडलीच नाही तर दुसऱ्यांदा बाप्तिस्मा देत नाहीत, तो आयुष्यात एकदाच. शंका घ्यायला जागा नसेल तर एका भरवशाच्या साक्षीदाराचं निवेदनही चर्चच्या नियमात चालतं. बाळ अत्यवस्थ म्हणून दवाखान्यातच पाणी घालून बाप्तिस्मा दिला असेल, तर ते फादरांना कळवून रजिस्टरला लागलंय ना, हे नक्की बघा.

हाच दाखला लग्नासाठी जपून ठेवला तरी उपयोग नाही. लग्नाच्या वेळी गेल्या सहा महिन्यांत काढलेला मागतात, कारण समासातल्या नोंदी ताज्या लागतात.

आणि एक, बाळाचा बाप्तिस्मा व्हायचा असेल त्यांच्यासाठी. सोलापुरात एकाच घरातली काही माणसं सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट), काही कॅथलिक असतात. सीएनआयच्या काकांना गॉडफादर करता येत नाही, पण कॅथलिक गॉडफादर किंवा गॉडमदर असेल तर त्यांच्या जोडीला काका साक्षीदार म्हणून उभे राहू शकतात. गॉडपेरेंटचं वय सोळा पूर्ण हवं, दृढीकरण झालेलं हवं, आणि खुद्द आईवडील चालत नाहीत. काकांना हे आधीच प्रेमाने सांगा, ऐन वेळी चर्चच्या दारात नको.

कम्युनियनच्या दिवशी पोराला सकाळपासून उपाशी ठेवू नका. उपास कम्युनियनआधी एका तासाचाच असतो, आणि त्यात पाणी, औषध चालतं. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात पाण्याची बाटली जवळ असू द्या.