सरांच्या वाट्याचा फोटो

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर पहिल्यांदा उभी राहिली ती जिन्याखालची खोली. मैदान, स्नेहसंमेलनं, मुख्याध्यापक यांच्यावर बाकीचे लिहितीलच. मला फक्त चित्रकलेच्या सरांबद्दल लिहायचं आहे.

१९८६ साली, मी आठवीत असताना, सरांनी शनिवार दुपारचा फोटोग्राफीचा वर्ग सुरू केला. कॅमेरा एकच, सरांचा स्वतःचा रशियन झेनिट. त्यात आपोआप काही होत नसे. वरच्या सुईवर उजेड बघायचा, तबकडी फिरवून शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा) आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ठेवायचं) यांची जोडी काढायची आणि ती हाताने लावायची. फोकस करताना लेन्सची रिंग पूर्ण उघडायची, क्लिकच्या आधी आठवणीने मिटायची. ॲपर्चरच्या आकड्यांना सर 'घरं' म्हणत. आठावरून अकरावर गेलात की एक घर मिटलं, उजेड निम्मा. मग शटर सेकंदाच्या १/१२५ वरून १/६० वर आणा, म्हणजे दुप्पट वेळ उघडं. हे त्यांनी पाढ्यासारखं घोटून घेतलं. कितीतरी शनिवार कॅमेऱ्यात रोल नव्हताच.

पुढच्या वर्षी माउलींची पालखी लोणंदहून पुढे निघाली, तेव्हा सर आम्हा अकरा जणांना चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला घेऊन गेले. ओर्वोचा कृष्णधवल रोल, ३६ फोटोंचा. प्रत्येकाला तीन आणि उरलेले तीन सरांचे.

अश्व धावला तेव्हा माझं शटर फार संथ, १/३० वरच राहिलं होतं. दुसऱ्या वेळी रिंग मिटायची विसरलो. तिसरा फोटो रांगेतल्या एका वृद्ध वारकऱ्याचा, टाळ छातीशी धरलेला. या वेळी सुई सांगेल तसं सगळं नीट लावलं.

सर मागेच उभे होते. "सुई कशावर धरलीस?"

"त्यांच्या कपड्यांवर, सर."

"अरे, सुईला समोरचं सगळं राखाडीच वाटतं. पांढरं धोतर ती मळकं करणार आणि काळी म्हैस पांढुरकी. दीड घर उघड आणि परत काढ."

"माझे तीन झाले, सर."

"माझ्यातला घे."

त्या गर्दीत, टाळांच्या आवाजात सर किती सहज बोलून गेले! रिंगणाची वाट ते वर्षभर बघायचे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

डेव्हलपरचं, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनाचं पाणी २० अंशांवर आणायला बर्फ मीच आणला होता. पुढच्या शनिवारी जिन्याखालच्या खोलीत, आमच्या डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली ट्रेमध्ये दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी उमटल्या. पहिलीत धोतर धुळकट. दुसरीत पांढरंशुभ्र, त्याची चुणी न् चुणी मोजता येईल असं. सरांनी ती प्रिंट चिमट्याने उचलून सगळ्यांना दाखवली. माझं नाव घेतलं, स्वतःचं नाही.

आज साताऱ्यात माझा स्टुडिओ आहे, हाताखाली चार मुलं शिकतात. नवीन मुलाला मी आधी पांढरी भिंत आणि काळी छत्री मॅन्युअलवर काढायला लावतो. करोनाची दोन वर्षं सोडली, तर पालखी गेल्या वीस वर्षांत चुकवलेली नाही. सर गेले तेव्हा मात्र मी एका लग्नाच्या कामावर परगावी होतो, पोहोचू शकलो नाही. ते अजून बोचतं.

मध्यंतरी शाळेत आलो होतो. जिन्याखालच्या खोलीत आता जुनी बाकं रचून ठेवली आहेत. शिक्षक खोलीत घड्याळाखाली लावलेला तो वारकऱ्याचा फोटोही दिसला नाही. निगेटिव्ह माझ्याकडे जपून ठेवली आहे. महोत्सवाच्या दिवशी नवी प्रिंट फ्रेम करून घेऊन येतो. खाली नाव सरांचं घालावं, एवढी विनंती आहे.