आमची वाटचाल: मशीन बंद झाल्यानंतरची

नाशिकमधला आमचा टॅटू स्टुडिओ एका खुर्चीने सुरू झाला, आता दोन खुर्च्या आहेत. वाढीबद्दल सांगण्यासारखं एवढंच. वाटचाल खरी झाली ती टॅटू झाल्यावर ग्राहकाच्या हातात देतो त्या निगेच्या कागदाची. तो आजवर पाच वेळा छापला, आणि पहिल्यानंतर दर वेळी जुन्या कागदातलं काहीतरी चूक निघालं म्हणूनच छापला.

पहिल्या कागदावर तीन ओळी होत्या: पाणी लावू नका, अँटिबायोटिक मलम दिवसातून चार वेळा लावा, खपली काढू नका. त्यातली तिसरी तेवढी आजही टिकून आहे.

पाणी न लावण्याचा सल्ला ऐकायला सुरक्षित वाटतो. पण सुई त्वचेत साधारण १ ते २ मिलिमीटर जाते. शाई खालच्या थरात बसते आणि वरचा थर हजारो ठिकाणी उघडा राहतो. पहिले दीड-दोन दिवस त्यातून लस (जखमेतून येणारं पातळ पाणी), थोडं रक्त आणि जास्तीची शाई झिरपत राहते. ती धुतली नाही तर वाळून जाड खपली धरते. ही खपली रात्री चादरीला किंवा शर्टाला अडकून उपटली गेली, की तिच्यासोबत खालची शाईही निघते आणि रेषेत फिकट तुकडे पडतात. ग्राहकाला वाटतं शाई हलकी वापरली.

म्हणून दुसऱ्या कागदावर धुण्याची पद्धत आली. आधी हात साबणाने धुवायचे. मग कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य साबण आणि फक्त बोटं. घासणी, स्पंज, लूफा काही नको. बुळबुळीत लागायचं थांबलं की पुरे. टॉवेलने पुसू नका, टिश्यूने टिपा आणि १० मिनिटं तसंच उघडं ठेवा. पहिले दोन दिवस तीनदा, पुढे सकाळ-संध्याकाळ.

मलमाची ओळ काढायला आम्हाला जास्त वेळ लागला. निओमायसिन किंवा फ्रॅमायसेटिन असलेल्या ट्यूब जवळजवळ प्रत्येक घरात असतात, आणि नेमक्या याच औषधांची अनेकांना ॲलर्जी असते. टॅटूभर बारीक, खाजरे, पाणीदार फोड येतात. ग्राहकाला वाटतं जंतुसंसर्ग झाला, आणि तो तेच मलम आणखी जाड थापतो. त्याहून वाईट म्हणजे दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइड मिसळलेली खाजेची क्रीम. खाज थांबते खरी, पण जखम भरणं मंदावतं आणि संसर्ग असेल तर तो झाकला जातो. आता आम्ही साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर सांगतो. तळहाताएवढ्या टॅटूला वाटाण्याएवढं पुरतं. लावल्यावर टॅटू चकाकला तर जास्त झालं समजा आणि टिश्यूने टिपून घ्या. पेट्रोलियम जेलीचा किंवा खोबरेल तेलाचा जाड थर दिला की खाली घाम कोंडतो, खपली मऊ पडून लगदा होते आणि बारीक पुळ्या उठतात. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत दुर्लक्ष करणारे थोडे असतात, अति काळजी करणारे फार.

हळदीचा प्रश्न प्रत्येक घरातून येतो. आजीच्या गोंदणावर हळद लावत, मग इथे का नको? आजीचं गोंदण चार ठिपक्यांचं किंवा छोट्या तुळशीचं असे. वीतभर शेडिंगवर (सुईने भरलेल्या छटांवर) स्वयंपाकघरातली हळद म्हणजे उघड्या जखमेत निर्जंतुक न केलेली पूड, जी लसीत कालवून कडक पापुद्रा धरते.

तिसऱ्या छपाईत क्लिंग फिल्म, म्हणजे टॅटूवर गुंडाळायचं पातळ प्लास्टिक, गेली. ती घरी पोचेपर्यंत दोन-तीन तास ठीक असते. लोक ती रात्रभर ठेवत आणि आत घाम व लस कुबट होई. तिच्या जागी चिकटणारी, हवा जाऊ देणारी पारदर्शक फिल्म आली, तिला सगळे सेकंड स्किन म्हणतात. टॅटूच्या कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटर बाहेर येईल एवढी कापायची. पहिली २४ तासांनी काढायची, धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर दुसरी लावायची, ती तीन-चार दिवस राहते. आत काळपट पाणी साचणं नेहमीचं आहे. पण कड सुटून ते बाहेर आलं, तर बाहेरचं पाणीही आत जाणार; तेव्हा लगेच काढा. काढताना कोमट पाण्याखाली, त्वचेला समांतर ताणत काढा, वर उपटू नका. फिल्मच्या आकाराचा लाल चौकोन उमटला तर ती चिकट द्रव्याची ॲलर्जी; मग उरलेले दिवस उघडाच ठेवा. एप्रिल-मेच्या घामात कोपर आणि गुडघ्यावर ती टिकत नाही, तिथे आम्ही लावतच नाही.

चौथा कागद नाशिकच्या दिनदर्शिकेने लिहून घेतला. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारायचा असेल तर टॅटू किमान चार आठवडे आधी हवा. रामकुंडात बुडी, पोहण्याचा तलाव, धरणाचं पाणी यांनाही तोच नियम. ढोल पथकातल्यांनी सराव सुरू असताना खांद्यावर किंवा कमरेवर काढून घेऊ नये, कारण ढोलाचा पट्टा तिथेच घासतो. पावसात भिजण्याने बिघडत नाही, भिजका शर्ट दिवसभर अंगावर राहण्याने बिघडतं. दुचाकीवर उन्हात हात उघडा पडतो, पण जखम भरण्याआधी सनस्क्रीन चालत नाही. सैल सुती बाही घाला. भरल्यावर एसपीएफ ३० किंवा वरचं.

पाचव्यांदा छापताना आम्ही दिवस लिहिले, कारण रात्री अकराला येणारे बहुतेक फोन नेहमीच्याच गोष्टींचे असत. पहिले तीन-चार दिवस लाली, ऊब, सूज. पाचव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रंगीत सालं आणि खाज. खाजवू नका, थंड पाण्याचा हात फिरवा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टॅटू दुधी, धुरकट दिसतो. तो फिकट झालेला नसतो, वर कोवळी त्वचा असते. खालचा थर सावरायला दोन-तीन महिने जातात.

त्याच कागदावर ठळक अक्षरांत: तिसऱ्या दिवसानंतर लाली पसरत गेली, दुखणं वाढलं, पू आला, लाल रेघ वर चढू लागली किंवा ताप आला, तर आम्हाला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टरकडे जा. मधुमेह असलेल्यांनी तर वाटच पाहू नये. आणखी एक संसर्ग उशिरा येतो: दोन-तीन आठवड्यांनी, फक्त राखाडी शेडिंगच्या जागी, न जाणारे लाल उंचवटे. २०११ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला १९ जणांना असा संसर्ग झाला. आधीच पातळ करून विकलेल्या राखाडी शाईत मायकोबॅक्टेरियम केलोनी हा जंतू निघाला. त्यावर घरची काळजी उपयोगी नाही, त्वचेच्या डॉक्टरांची लांबलचक औषधं लागतात. आम्ही शाई पातळ करायला फक्त सीलबंद निर्जंतुक पाणी वापरतो. नळाचं किंवा फिल्टरचं नाही. लाल रंगाखालीच महिन्यांनी खाज आणि फुगवटा आला, तर बहुधा ती रंगद्रव्याची ॲलर्जी असते.

टचअप, म्हणजे फिकट राहिलेल्या जागा पुन्हा भरणं, सहा आठवड्यांआधी करत नाही. कोवळ्या त्वचेत पुन्हा सुई घातली की शाई पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली राहते. पहिला टचअप मोफत. बोटं, तळवे आणि पावलांच्या कडा सोडून. तिथली त्वचा जाड, सतत घासली जाणारी, शाई टिकवणं अवघड. हे आधी सांगूनही बोटावर नाव हवंच असेल, तर आम्ही काढतो, पण कागदाच्या तळाशी सही घेऊन.